दोनशे बारा नंबरचा बिल्ला

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवी वही, नवा विषय. जुन्या वहीत शपथ घेतली होती की रोज लिहीन. ते आपल्याच्यानं होत नाही, हे बेचाळिसाव्या वर्षी कबूल करायला हरकत नाही. काही घडलं तरच लिहीन.

‘विसरवही’ या माझ्या पॉडकास्टचे अकरा भाग झाले. वर्तमानपत्रातली नोकरी गेल्यावर रिकामपणी सुरू केलेला उद्योग, पण आता चार-पाच हजार माणसं माझं बोलणं ऐकतात. शहर जे विसरलं ते हुडकायचं आणि सांगायचं. वर साहेब नाही, कुणाची कटकट नाही. चूक झाली तर पकडायलाही कुणी नाही, हे मात्र हल्ली फार जाणवतं.

बारावा भाग लोकर गिरणीच्या आगीचा. एक्केचाळीस वर्षं झाली. गिरणीच्या जागेवर आता मोटारी लावतात. कोपऱ्यात एक दगडी पाटी उरली आहे, तिच्यावर आगीची तारीख आणि खाली ‘जीवितहानी नाही’. त्या दोन शब्दांपाशीच माझं घोडं अडलं. जे झालंच नाही ते दगडात कोरून ठेवायची एवढी घाई कुणाला होती?

मावशी तिथं वर्षभर कामाला होती. विचारलं तर म्हणाली, “मी कसली, पॅकिंगला होते. मला काय कळतंय त्यातलं.” मग जुनी पाकिटं उलटी करून चिकटवत बसली. आलेलं प्रत्येक पाकीट उलगडायचं, आतली कोरी बाजू बाहेर काढायची, खळ लावून पुन्हा पाकीट करायचं, आणि त्यात बटणं नाहीतर बिया भरायच्या. एरवी पाच मिनिटांत दहा करते. आज एकाच पाकिटाशी अर्धा तास झटत होती.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आमची अडगळीची खोली. चार बाय सहा, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. दार लावलं की आवाज बंद. मावशी तिथं पाऊल टाकत नाही आणि मी आत असले की दर दहा मिनिटांनी दार ठोठावते. अकरा भागांत अकरा वेळा तरी तिची टकटक कापावी लागली आहे. तिचं दारांशी काहीतरी आहेच. घराला कुलूप लावताना रिकाम्या घरात डोकं घालून विचारते, “कोण आहे का आत?” घरात माणसं दोन, आणि दोघीही दाराबाहेर उभ्या. सहा-सात वर्षांची असताना मी एकदा लपून आतून ओरडले होते, “मी आहे!” तिनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गिरणीतले रंगारी आजोबा सापडले. ऐंशीच्या पुढचे, नखांच्या कडा अजून जांभळट. जिन्याखालच्या खोलीत राहतात. दीड तास बोलले.

“बिल्ला म्हणजे माणूस, बाई,” म्हणाले. “प्रत्येकाला पितळेचा बिल्ला, त्यावर नंबर. आत आलात की फळ्यावर आपल्या खिळ्याला अडकवायचा. सुटलात की काढायचा आणि दारापाशी पेटीत टाकायचा. फळा रिकामा म्हणजे गिरणी रिकामी. हजेरीमास्तर माणसं बघायचाच नाही, खिळे बघायचा.”

“आणि आगीच्या दिवशी?”

“फळा रिकामा होता. सुट्टी झाली होती. आग सुकवण खोलीत. ती लोकरीच्या गोदामात शिरू नये म्हणून मास्तरानं मधलं लोखंडी दार लावलं. आणि मग आतून कुणीतरी ठोकलं. मी ऐकलंय. चार-पाच वेळा ठोकलं.” मग म्हणाले, “लावायच्या आधी त्यानं कुणाला विचारलं का नाही, ते मला नाही माहीत हां. मी तेव्हा बादल्या भरत होतो.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग अंगावर घेतलं कशाला हे काम, म्हणून स्वतःलाच चार शब्द सुनावले.

दुपारी साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे फक्त श्वास. “कोण?” म्हटलं. ठेवून दिला.


सोमवार, १० फेब्रुवारी

गिरणीची हजेरीबुकं एका रद्दीवाल्यानं जपून ठेवली आहेत, बांधणी आवडली म्हणून. देव त्याचं भलं करो. नावं कुठंच नाहीत, नुसते नंबर. आगीनंतर सगळे नंबर दुसऱ्या कामावर लावलेले दिसतात. एक सोडून. २१२ च्या पुढं आगीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलंय, ‘विनापरवानगी गैरहजर’, आणि आठ दिवसांनी, ‘काम सोडून पळाली. नंबर कमी’.

पळाली. म्हणजे बाई.

खरं लिहायचं तर पहिला विचार आला तो असा की पळालीही असेल. बायका पळतात. माझी आई नाही का, मला वर्षाची शेजारणीकडं टाकून गेली ती गेलीच. बाबा आधीच कुठंतरी गेले होते, त्यांना शोधायला गेली म्हणतात. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं लग्न केलं नाही, मला वाढवलं. आईचा विषय निघाला की मावशी उठून जाते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते. असल्या बहिणीबद्दल बोलायचं तरी काय?

पण २१२ पळाली असेल तर दार कोण ठोकत होतं?

येताना मावशीची गुडघ्याची गोळी आणली. त्या औषधाच्या दुकानाच्या दाराला घंटा लावली आहे, गिऱ्हाईक आलं की डोक्यात घण बसतो.


बुधवार, १२ फेब्रुवारी

पुन्हा फोन. पुन्हा साडेतीन. श्वास, आणि मागे कुठंतरी किणकिण. सायकल असावी. आज वाटलं, पलीकडचं माणूस बोलायला तोंड उघडतंय आणि मिटतंय. मी ओरडले, “हिंमत असेल तर बोला!” ठेवला. उलट फोन करायची माझी स्वतःची हिंमत मात्र झाली नाही.

घरात एकटीच होते, मावशी औषध आणायला गेलेली. (परवाच तर आणलं होतं. विसरली असेल.) ती येईपर्यंत स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले. माझी पाचावर धारण बसलेली बघून तिचाच चेहरा पांढराफटक पडला. तिला काही सांगितलं नाही. म्हातारपणी तिच्या जिवाला घोर नको.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

हजेरीमास्तर जिवंत आहे. सून आणि तो, दोघंच राहतात. रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेला असतो. वय शहाऐंशी.

सुनेनं चहा ठेवला. म्हातारा माझ्याकडं इतका वेळ बघत राहिला की मला खुर्चीत चुळबुळ करावी लागली.

“वय काय तुझं?”

“बेचाळीस.”

“हं. बरोबर.”

यात बरोबर काय होतं, देव जाणे. मी थेट विचारलं, “लोखंडी दार तुम्ही लावलंत?”

“मीच लावलं. साहेब म्हणाला लाव, मी लावलं.”

“आत कोणी होतं, हे माहीत होतं तुम्हाला?”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, “मावशी कशी आहे तुझी?”

मी घरचं चकार शब्दानं बोलले नव्हते. मी कोण, कुठं राहते, घरी कोण असतं, सगळी चौकशी करून ठेवलेली दिसते.

“माझ्या मावशीचा इथं काय संबंध?”

“माझ्याकडनं काही नेऊ नकोस, पोरी. घरी विचार. आणि नाही विचारलंस तरी चालेल. राहू दे हे. यात तुलाच त्रास होईल.”

इतक्या शांतपणे धमकी देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चहा तसाच टाकून उठले. घरी येऊन मावशीला एवढंच सांगितलं की कुणी अनोळखी आलं तर दार उघडू नकोस. तिनं विचारलं, “कुणाकडं गेली होतीस?” सांगितलं. ती मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.


शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी उठले तर दाराच्या आतल्या बाजूला, फरशीवर पाकीट. वर काही लिहिलेलं नाही. आत पितळी बिल्ला. २१२.

हा बिल्ला हजेरीमास्तराशिवाय कुणाकडं असणार? पेटी त्याची, फळा त्याचा. पहाटे कुणीतरी आमच्या दाराशी आलं, वाकलं, फटीतून हे सरकवलं, आणि आत आम्ही दोघी झोपलो होतो. पुढचा नंबर तुझा, एवढं सांगायला चिठ्ठी कशाला लागते!

पाकीट निरखून पाहिलं. आतल्या बाजूला वीज कंपनीचा छाप, कोरी बाजू वर. खळ अजून पुरती वाळली नव्हती. काटकसरी गुंड दिसतो.

मावशीला दाखवलं. ती बिल्ल्याकडं बघत उभी राहिली. म्हणाली, “बाळ, मला तुझ्याशी...” मी म्हटलं, “घाबरू नकोस. मी आहे ना. यांना आता सोडत नाही मी.” तिच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. मी तिला पाणी दिलं आणि आडवं व्हायला लावलं.


रविवार, १६ फेब्रुवारी

भीतीची एक गंमत आहे. ती फार झाली की तिचा राग होतो, आणि रागात आवाज फार सुंदर लागतो. आज दोन मिनिटांची झलक केली. रंगारी आजोबांचा आवाज घेतला: “मास्तरानं मधलं लोखंडी दार लावलं. आणि मग आतून कुणीतरी ठोकलं.” त्यापुढचं वाक्य, ‘विचारलं का नाही ते मला नाही माहीत’, ते कापलं. ऐकायला ढिलं वाटत होतं. शेवटी माझा आवाज: “एक बाई आत होती. न विचारता दार लावणारा हात आजही याच शहरात आहे. त्याचं नाव, येत्या शनिवारी.”

दुपारपर्यंत अकरा हजार लोकांनी ऐकलं. एवढे कधीच नव्हते. रेकॉर्डिंग चालू असताना मावशीनं आज एकदाही दार ठोठावलं नाही. बाहेर आले तर ती दाराला टेकून जमिनीवर बसली होती.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

हजेरीमास्तराची सून आली होती. आत या म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“अहो बाई, नाव शनिवारी सांगणार होतात ना? लोकांना कशाला थांबायचंय! या शहरात लोखंडी दार लावलेला हजेरीमास्तर एकच.” हातातला रुमाल उलगडून दाखवला. त्यात मुठीएवढा दगड. “काल संध्याकाळी खिडकीतून आला. काचा त्यांच्या मांडीवर. कपाळाला तीन टाके. मी पोलिसांत जाते म्हटलं तर म्हणतात, जाऊ नकोस, त्या घरात आधीच पुष्कळ झालंय. तुमच्या घरात! माझ्या घरात काचा पडल्यात आणि त्यांना तुमच्या घराची काळजी!”

ती गेल्यावर झलक काढून टाकली. पण आता ती शंभर ठिकाणी फिरतेय, तिला कोण आवरणार? जो मला धमकावतोय त्यालाच दगड लागला, तर मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. तो म्हातारा माझी काळजी का करेल?


बुधवार, १९ फेब्रुवारी

फोन आला नाही. साडेतीन ते पाच फोनकडं बघत बसले. न येण्याचीही भीती वाटते.

मावशी काल दुपारपासून जेवलेली नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

जसं बोलली तसं लिहिते. नंतर माझ्या मनानं त्यात काही मिसळायच्या आत.

दुपारचे तीन वाजले होते. ती माझ्यासमोर बसली, मूठ पुढं केली आणि उघडली. तळहातावर पितळी बिल्ला. २१३.

“हा माझा,” म्हणाली. “तुला दिला तो तुझ्या आईचा.”

मी २१२ आणून तिच्या तळहातावर त्याच्याशेजारी ठेवला.

“तुला दात येत होते. तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सुकवण खोलीच्या मागं गरम गठ्ठे असायचे, बायका तिथं पाठ टेकायच्या. सुट्टीला दहा मिनिटं होती. म्हणाली, तू माझा पण बिल्ला काढ, नाहीतर रांगेत वेळ जातो. मी दहा मिनिटं पडते आणि मागच्या दारानं निघते. तसं सगळ्याच करायच्या. दुसरीचा बिल्ला काढला की नोकरी जायची, तरी करायच्या.” ती श्वास घ्यायला थांबली. “मी दोन्ही काढले. पेटीत टाकायच्या आधीच आरडाओरडा झाला. सगळ्या अंगणात आलो. मास्तरानं फळा बघितला. रिकामा. तरी त्यानं विचारलं. दाराशी उभा राहून मोठ्यानं विचारलं. कोण आहे का आत?”

“आणि तू?”

“माझ्या मुठीत दोन बिल्ले होते. मला वाटलं ती मागनं गेली असेल. वाटलं, बोलले तर दोघींची नोकरी जाईल, तुझं दूध कुठून येईल. त्यानं तीनदा विचारलं, बाळ. तिन्ही वेळा मी गप्प बसले. त्यानं दार लावलं. मागच्या दाराची वाट आगीनं आधीच धरली होती, ते मला नंतर कळलं. मी धावत घरी आले, तर तू शेजारणीकडंच होतीस.”

दुसऱ्या दिवशी मावशी मास्तराकडं गेली होती. मास्तर तिला घेऊन साहेबाकडं गेला. साहेब म्हणाला, फळा रिकामा होता ना? मग आत कुणी नव्हतं. आणि होतं म्हणायचं असेल तर बिल्ला काढला कुणी, तेही सांगावं लागेल. ‘पळाली’ हा शब्द साहेबाचा, अक्षर मास्तराचं. मास्तरानं मावशीचं नाव एक्केचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

“फोन?” मी विचारलं. माझं मलाच हसू येणार होतं आणि आलं रडू.

“औषधाच्या दुकानातून. तुझ्या तोंडावर बोलवेना. वाटलं, फोनवर जमेल.”

आई पळाली नव्हती. एवढं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. चाळीस वर्षं मी तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि ती फक्त दहा मिनिटं झोपायला गेली होती. माझ्यामुळं झोप झाली नव्हती म्हणून. मावशीचा राग येतो. मग तिचा हात दिसतो, मूठ मिटायची सवय लागलेला. त्या हातानं मला भरवलंय. मी आज तिच्याशी बोलू शकले नाही. शेजारच्या खोलीत बसून राहिले, मधलं दार मात्र उघडं ठेवलं.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आता खरी भीती. आधीची पोरखेळ होता.

उद्या शनिवार. अकरा हजार माणसं एका नावाची वाट बघताहेत. गप्प बसले तर मास्तर मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, बाईला कोंडणारा राहणार. खरं सांगितलं तर तोच दगड आमच्या खिडकीत येणार, आणि खिडकीशी मावशी बसते. हा भागच न करता ‘विसरवही’ बंद करून टाकावी, असं सकाळपासून चारदा ठरवलं.

मास्तराकडं गेले. सुनेनं दार उघडलं नाही. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावलाय, त्याच्या फटीतून त्याचा आवाज आला.

“विचारलंस घरी?”

“विचारलं. माझं चुकलं, आजोबा. आजोबांचं... त्या रंगाऱ्यांचं एक वाक्य मी कापलं होतं.”

“मीही एक वाक्य लिहिलं होतं,” तो म्हणाला. पुठ्ठा थोडा सरकला. मग म्हणाला, “मी तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारायला हवं होतं.”

घरी आले तर मावशी जेवणाची ताटं मांडून बसलेली. मी म्हटलं, “नको करूया. लोक दगड मारतील.”

“त्याची काच फुटली ती माझी होती,” ती म्हणाली. “तू कापाकापी कर नाहीतर काय कर, पण बोलणार मी. तुझ्या आवाजात नको.”

“मला भीती वाटते, मावशी.”

“मला काय वाटत नाही?” ती म्हणाली. “जेव आधी.”


शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी आधी रंगारी आजोबांचं कापलेलं वाक्य होतं तिथं परत जोडलं. मग हजेरीबुकाचं पान, नंबर आणि त्या नंबराच्या बाईचं नाव मी माझ्या आवाजात वाचलं. आईचं नाव मोठ्यानं उच्चारायची वेळ आयुष्यात फारशी आली नव्हती. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा आवाज फाटला नाही.

मावशीला म्हटलं, बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड करू, रस्त्याचा आवाज आला तर येऊ दे. ती म्हणाली, “नाही. जिथं करतेस तिथंच.”

मी आत जाऊन तिच्यासाठी खुर्ची ठेवली, मायक्रोफोन तिच्या उंचीला आणला, गोधडीचा सुटलेला कोपरा खिळ्याला अडकवला. दाराकडं पाठ होती, तरी ती येऊन थांबलेली कळली. आत येईना. तिच्या मुठीत दोन्ही बिल्ले वाजत होते.

मग तिनं दारातून डोकं घातलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “कोण आहे का आत?”

“मी आहे,” मी म्हटलं.

ती आत आली, माझ्या शेजारी बसली आणि हात मागं नेऊन तिनंच दार लावून घेतलं.